तुमचं काम तपासतं कोण?

‘फ्रीलान्सिंग करू की स्टुडिओत नोकरी धरू?’ असं विचारणाऱ्या नवीन गेम आर्टिस्टना मी आधी एक उलटा प्रश्न विचारते. तुम्ही बनवलेली वस्तू तुमच्याखेरीज आणखी कुणी इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो आणि चालतो त्यात, उघडून बघितली आहे का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं. पोर्टफोलिओत मार्मोसेटमध्ये (3डी वस्तू सजवून दाखवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) झकास रेंडर केलेली तलवार असते, प्रकाश तीन बाजूंनी नीट मारलेला असतो, पात्यावरचे ओरखडेसुद्धा जिथे हवेत तिथेच असतात. पण ती तलवार कधी कुठल्या पात्राच्या हातात गेलेलीच नसते.

मी एन्व्हायर्न्मेंट आणि प्रॉप आर्टिस्ट आहे, म्हणजे गेममधल्या जागा आणि तिथल्या वस्तू बनवते. आधी फ्रीलान्स केलं, मग स्टुडिओत लागले, मधे काही काळ पुन्हा स्वतंत्र काम केलं आणि आता परत पगारावर आहे. दोन्हीकडची मजा आणि दोन्हीकडचा वैताग बघून झालाय. माझं मत आधीच सांगून टाकते: सुरुवातीला जमत असेल तर स्टुडिओ. मात्र त्यासाठी लोक सहसा जे कारण देतात, ते मला पटत नाही.

ते कारण म्हणजे सुरक्षितता. नोकरी म्हणजे महिन्याला पगार, डोक्याला ताप नाही, वगैरे. महिन्याला पगार येतो हे खरं, पण तो किती महिने येईल हे आपल्या हातात नसतं. सप्टेंबर 2023 मध्ये अनरील इंजिन बनवणाऱ्या एपिकने सुमारे 830 लोकांना घरी पाठवलं. जानेवारी 2024 मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने 1,800 लोकांची कपात जाहीर केली, म्हणजे कंपनीतला साधारण दर चौथा माणूस. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागातून 1,900 लोक गेले आणि फेब्रुवारीत सोनीच्या प्लेस्टेशन विभागातून 900च्या आसपास. यातल्या कित्येकांच्या कामात काहीही खोट नव्हती.

हे आकडे ऐकले की नवी मुलं म्हणतात, ‘मग फ्रीलान्सच बरं ना?’ इथे थोडं थांबायला हवं. नोकरी गेलेले अनुभवी आर्टिस्ट जातात कुठे? नवी नोकरी मिळेपर्यंत ते फ्रीलान्सच करतात. म्हणजे ज्या बाजारात तुम्ही पहिलं पाऊल टाकताय, तिथे दहा-बारा वर्षं घासलेला, क्रेडिटमध्ये नावं असलेला माणूस तुमच्याच कामासाठी कोटेशन पाठवतोय. मंदीत नोकरीची दारं बंद होतात तशीच फ्रीलान्सची गर्दी वाढते. त्यामुळे सुरक्षितता या एकाच निकषावर निवड करायची म्हटली तर दोन्ही बाजू लंगड्या आहेत.

माझ्या मते खरा फरक तपासणीचा आहे. त्यासाठी एका दाराची गोष्ट सांगते.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आला. आधी फ्रीलान्स करत होता, हात चांगला, पोर्टफोलिओ बघून लीड (टीमचा प्रमुख) खूश. त्याला पहिलं काम दिलं दाराचं. जुनं लाकडी दार, त्यावर लोखंडी पट्ट्या आणि रिव्हेट. त्याने बनवलेलं दार दिसायला सुरेख होतं, हे मुद्दाम सांगते. लाकडाच्या रेषा, खालच्या कडेला ओल लागून काळपट पडलेला भाग, हाताचा स्पर्श होऊन गुळगुळीत झालेली कडी, सगळं जिथल्या तिथे. लीडने ते अनरीलमधल्या टेस्ट लेव्हलमध्ये टाकलं आणि पात्र चालवत दारापर्यंत नेलं. पात्र चौकटीत अडकलं.

मुलाने खऱ्या दाराचं माप घेतलं होतं, 80 सेंटीमीटर. पण अनरीलच्या थर्ड पर्सन टेम्प्लेटमधल्या (पात्र मागून दिसतं अशा तयार नमुन्यातल्या) पात्राभोवती एक अदृश्य कॅप्सूल असते, पात्र कुठे अडकतं ते तीच ठरवते. तिची त्रिज्या 42, म्हणजे रुंदी 84 सेंटीमीटर. ती 80 मधून जाणार कशी? शिवाय पात्राच्या मागून कॅमेराही यायचा असतो. म्हणून गेममधली दारं खऱ्या दारांपेक्षा ऐसपैस ठेवतात आणि खेळताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

माप तात्पुरतं वाढवून लीडने दार उघडायला लावलं. ते मधल्या उभ्या रेषेभोवती गर्रकन फिरलं, कारण पिव्हट, म्हणजे वस्तू ज्या बिंदूभोवती फिरते तो, मॉडेलच्या मध्यावर राहिला होता. तो बिजागरीच्या कडेला, जमिनीच्या पातळीवर हवा. मग रिव्हेट बघितले, तर ते वर आल्यासारखे दिसायच्या ऐवजी आत दबल्यासारखे दिसत होते. नॉर्मल मॅप (सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणा भासवणारं चित्र) बेक करताना, म्हणजे बारीक मॉडेलवरून तयार करताना, ओपनजीएल पद्धत निवडली गेली होती, आणि अनरीलला डायरेक्टएक्स लागते. त्या चित्रातलं हिरवं चॅनेल (हिरव्या रंगाचा थर) उलटं केलं की काम होतं, पण हे आधी ओळखता आलं पाहिजे. शेवटी दार आणि भिंत शेजारी शेजारी बघितली. भिंतीच्या टेक्स्चरला, म्हणजे वर चढवलेल्या चित्राला, मीटरमागे 512 पिक्सेल, दाराच्या टेक्स्चरला जवळजवळ दीड हजार. त्यामुळे दार कोरीव आणि त्याच्या बाजूची भिंत पुसट, जणू कुणी दार दुसऱ्याच गेममधून उचलून आणून बसवलंय.

लीडने आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. तिकिटावर (कामाच्या ऑनलाइन नोंदीवर) चार ओळी लिहिल्या आणि पुढच्या कामाला लागला. यातली एकही गोष्ट गुपित नाही, चारही विषयांवर ट्युटोरियलं पडलेली आहेत. पण ट्युटोरियल बघून कळणं निराळं आणि आपलं दार सगळ्यांसमोर गर्रकन फिरताना बघणं निराळं. त्या मुलाने पुन्हा कधी पिव्हट मध्यावर सोडला नाही.

मला त्या दिवशी प्रश्न पडला, की फ्रीलान्समध्ये त्याने इतक्या वस्तू दिल्या, तेव्हा हे कुणी सांगितलं कसं नाही? उत्तर त्यालाही माहीत होतं. समोरच्या टीममधल्या कुणीतरी गपचूप दुरुस्त करून घेतलं असणार. क्लायंटला तुम्हाला शिकवण्यात रस नसतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तो रागावत नाही, भांडत नाही, बिल भरतो, ‘थँक्स, मस्त झालंय’ म्हणतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला काम देतो. आपलं काय बिघडलं होतं ते आपल्याला कधीच कळत नाही. सुरुवातीच्या काळात हे फार महागात पडतं, कारण तेव्हा हाताला ज्या सवयी लागतात त्या पुढे मोडता मोडत नाहीत.

स्टुडिओतली ही तपासणी फुकटात मिळते. फुकटात कसली, तिचा उलट पगार मिळतो.

आता स्टुडिओचंही फार गोडवे गायला नकोत. मोठ्या टीममध्ये नवख्याच्या वाट्याला जे येतं ते अरुंद असतं. पिंपं, खोकी, पाइपं, दगड, पुन्हा पिंपं. त्याच पिंपाचे तुटलेला, जळलेला, गंजलेला असे प्रकार. लोक याला हसतात, पण माझा हात बेकिंगवर बसला तो असल्याच रटाळ कामामुळे. मात्र वर्ष-दीड वर्ष उलटून गेलं आणि अजून पिंपंच चालू असतील, तर लीडशी स्पष्ट बोलायला हवं. डेडलाइन जवळ आली की रात्री उशिरापर्यंत बसणं आलंच, आणि काही ठिकाणी डेडलाइन कायमच जवळ असते. अशी जागा ओळखायची सोपी खूण म्हणजे मुलाखतीत ‘इथे सरासरी माणूस किती वर्षं टिकतो?’ असं विचारायचं आणि उत्तरापेक्षा उत्तराआधीच्या शांततेकडे लक्ष द्यायचं.

आउटसोर्सिंग स्टुडिओंकडे नवी मुलं नाक मुरडतात, ते मला कळत नाही. व्हर्च्युओस, कीवर्ड्स यांसारख्या कंपन्या वर्षानुवर्षं मोठ्या गेम्सचं काम करून देतात. तिथे एका वर्षात तीन-चार वेगवेगळ्या प्रोजेक्टच्या पद्धती हाताखालून जातात: कुणाचं नामकरण वेगळं, कुणाचं टेक्स्चर बजेट वेगळं, कुणी मोबाइलसाठी मोजून दीड हजार ट्रँगल (मॉडेल ज्यांचं बनतं ते त्रिकोण) देतं, तर कुणी नॅनाइट, म्हणजे भरमसाट ट्रँगल पेलणारी अनरीलची सोय, आहे म्हणून हात सैल सोडतं. तोटा एवढाच, की क्रेडिटमध्ये बरेचदा तुमचं नाव न येता फक्त कंपनीचं येतं आणि इंजिनमधला अंतिम सीन बघायची संधी कमी मिळते. रुजू होण्याआधी या दोन गोष्टी विचारून घ्या.

सगळ्यांना एकच औषध चालत नाही, हेही मान्य. तुम्ही नेमकं काय करता यावर बरंच अवलंबून आहे. कन्सेप्ट आर्ट, मुखपृष्ठासारखी चित्रं, आयकॉन, पिक्सेल आर्ट अशी कामं मुळात सुटी असतात. फाइल दिली की व्यवहार संपला. असं काम करणाऱ्याला फ्रीलान्स लवकर साधतं. याउलट एन्व्हायर्न्मेंट, लायटिंग, व्हीएफएक्स (धूर, आग, स्फोट असे इफेक्ट) आणि विशेषतः टेक्निकल आर्ट (आर्ट आणि प्रोग्रामिंग यांना जोडणारं काम) हे सगळं बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या चालत्या आवृत्तीत, इतरांच्या कामात मिसळून होतं. परफोर्सवर (टीमच्या सगळ्या फाइल आणि त्यांतले बदल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) रोज सकाळी ताजी बिल्ड खाली घ्यायची, आपलं काम तपासायचं, डिझायनरने रात्रीतून भिंत सरकवली असेल तर निमूटपणे पुन्हा बसवायचं. हे बाहेर बसून शिकायला फार अवघड. टेक्निकल आर्टिस्ट व्हायचंय आणि सुरुवात फ्रीलान्सने करायची, असं कुणी म्हणालं तर मी तरी ‘नको’ म्हणेन.

पण समजा नोकरी मिळतच नाहीये, किंवा घरच्या जबाबदारीमुळे ठरावीक वेळ देता येत नाही, किंवा तुम्हाला फ्रीलान्सच करायचंय. तर मग हिशेब आधी कागदावर मांडा. आठवड्याचे 5 दिवस धरले तर वर्षाचे कामाचे दिवस होतात 260. नोकरीत या सगळ्या दिवसांचे पैसे मिळतात, तुम्ही आजारी पडा, सुट्टी घ्या किंवा मीटिंगमध्ये पेंगत बसा. फ्रीलान्समध्ये सुट्ट्या गेल्या, आजारपण गेलं, काम शोधण्यात गेले, कोटेशन लिहिण्यात गेले, अडकलेल्या बिलांच्या मागे लागण्यात गेले. हाती समजा 150 दिवस उरले. तर ज्या पगाराची तुम्हाला अपेक्षा आहे तो 150 ने भागा, 260 ने नाही. म्हणजे नोकरीतल्या दिवसामागे जे पडतात त्याच्या पावणेदोन पट दर लावलात तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीला आलात. त्यातूनच मशीन, वीज, सबस्टन्स पेंटरचं (टेक्स्चर रंगवायला) आणि झीब्रशचं (मॉडेल कोरायला) सबस्क्रिप्शन. ब्लेंडर हे 3डी सॉफ्टवेअर 2002 पासून मुक्त परवान्यावर आहे म्हणून बरं, नाहीतर मायासारख्या विकतच्या 3डी सॉफ्टवेअरचा खर्चही त्यात धरावा लागला असता. हा हिशेब न करता ‘बाकीचे एवढ्यात करतात’ म्हणून दर लावणारे वर्षभरात दमून जातात.

कराराबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. सगळ्यात जास्त भांडण होतं ते ‘सुधारणा’ या कलमावर. नुसतं ‘दोन फेऱ्या सुधारणा’ असं लिहून भागत नाही, कारण क्लायंटच्या मते दाराला दुसरी झडप जोडणं हीसुद्धा सुधारणाच असते. मी काम तीन टप्प्यांत तोडते: ब्लॉकआउट (ढोबळ आकार), मॉडेल, टेक्स्चर. प्रत्येक टप्प्याला लेखी मंजुरी घेते. ब्लॉकआउट मंजूर झाल्यावर आकार बदलायचा असेल तर ते नवं काम, त्याचे वेगळे पैसे. माझ्या हातून राहिलेली उणीव असेल, म्हणजे यूव्ही (टेक्स्चर चढवण्यासाठी मॉडेलचे सपाट उलगडलेले तुकडे) एकमेकांवर चढलेत किंवा बेकमध्ये डाग आलाय, तर ती कितीही वेळा विनामूल्य. एवढं स्पष्ट लिहिलं की घासाघीस निम्म्याने कमी होते.

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. हक्क हस्तांतरित होतात ते पूर्ण पैसे जमा झाल्यावर, हेही लिहिलेलं असतं. आणि प्रोजेक्ट अर्ध्यावर गुंडाळला गेला तर झालेल्या टप्प्यांचे पूर्ण आणि चालू टप्प्याचे निम्मे पैसे. एका क्लायंटचा गेम असाच मधेच बंद पडला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचे पैसे देणाऱ्याने हात वर केले होते. हे कलम होतं म्हणून माझे पैसे मिळाले, नुसत्या चांगुलपणावर मिळाले नसते.

पोर्टफोलिओचंही लिहून घ्या. एनडीएखाली, म्हणजे गोपनीयतेच्या कराराखाली, केलेलं काम गेम जाहीर होईपर्यंत दाखवता येत नाही, आणि काही गेम कधीच जाहीर होत नाहीत. वर्षभर उत्तम काम करून दाखवायला हातात काही नाही, अशी स्थिती फ्रीलान्सरची होते तशी नोकरदाराचीही होते. म्हणून मी स्वतःचं असं एखादं छोटं काम नेहमी चालू ठेवते, महिन्याकाठी एखादाच कोपरा का पुढे सरकेना. ‘गेम चालला की हिस्सा देऊ’ या प्रस्तावांबद्दल विचाराल, तर त्या टीमने आधी एखादा गेम पूर्ण करून बाजारात आणलाय का तेवढं बघा. आणला नसेल तर हिश्श्याची रक्कम शून्य धरून चाला, आणि तरीही करावंसं वाटलं तर खुशाल करा.

आणि तपासणीचं काय? फ्रीलान्सरला ती स्वतःहून उभी करावी लागते. मला सगळ्यात उपयोगी वाटतात गेम जॅम, म्हणजे ठरावीक थोड्या वेळात अख्खा गेम बनवायचे उपक्रम. त्यांतला लुडम डेअर 2002 मध्ये सुरू झाला, ग्लोबल गेम जॅम 2009 मध्ये. एका वीकेंडमध्ये अनोळखी प्रोग्रामर तुमचं मॉडेल इंजिनमध्ये टाकतो आणि मध्यरात्री मेसेज करतो, की ‘तुझी खुर्ची घराएवढी आली आहे’. युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर आणि अनरीलमध्ये एक सेंटीमीटर, हे त्या खुर्चीनंतर विसरणं कठीण.

दुसरी जागा म्हणजे गेमसाठी तयार वस्तू विकायचं ऑनलाइन दुकान, अ‍ॅसेट स्टोअर. युनिटीचं स्टोअर 2010 मध्ये सुरू झालं. एपिकने 2018 मध्ये आपल्या मार्केटप्लेसवर विक्रेत्याचा वाटा 70 वरून 88 टक्क्यांवर नेला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्या मार्केटप्लेसची जागा एपिकच्याच फॅब या नव्या स्टोअरने घेतली. तिथे वस्तू टाकून कुणी लगेच श्रीमंत होत नाही, पण विकत घेणारा माणूस कोलायडर (वस्तूला कुठे धडकता येतं ते ठरवणारा अदृश्य आकार) चुकलाय म्हणून एक तारा देतो आणि खाली सविस्तर कारण लिहितो. पैसे देऊन नाराज झालेल्या माणसाइतका मन लावून कुणी तपासत नाही. तिसरा मार्ग साधा आहे. काम संपल्यावर क्लायंटला ‘कसं वाटलं?’ असं न विचारता ‘माझी फाइल गेममध्ये बसवताना तुमच्या माणसाला काय काय बदलावं लागलं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘छान’ असं उत्तर येतं. दुसऱ्याला कधीकधी अख्खी यादी येते.

स्टुडिओच्या मुलाखतीला जाताना हेच उलट बाजूने विचारायचं: माझं काम कोण बघेल, किती वेळाने बघेल, आणि इंजिनमध्ये बघेल की स्क्रीनशॉटवर? समोरचा माणूस नाव घेऊन सांगू शकला तर जागा बरी. ‘तसे आम्ही सगळेच एकमेकांना मदत करतो’ असं म्हणाला तर कुणीच बघत नाही असं समजा. अशा जागेपेक्षा दोन नीट क्लायंट बरे, आणि हे मी स्टुडिओची बाजू घेणारी असूनही म्हणतेय.

स्टुडिओने आर्ट टेस्ट, म्हणजे निवडीआधीचं चाचणीचं काम, दिली तर ती करा, पण आठ-दहा तासांत संपणारी. आठवडाभराची, गेममध्ये थेट वापरता येईल अशी वस्तू कुणी टेस्ट म्हणून मागत असेल, तर मोबदला किती ते विचारायला लाजू नका. चांगले स्टुडिओ अशा लांबलचक टेस्टचे पैसे देतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न राहिला: नोकरी करता करता रात्री फ्रीलान्स केलं तर? करता येतं, मीही केलंय. फक्त आधी नेमणुकीचं पत्र उघडा. काही करारांत असं कलम असतं, की नोकरीच्या काळात तुम्ही बनवलेलं सगळं कंपनीचं, मग ते घरच्या मशीनवर रविवारी बनवलेलं का असेना. ते तसंच राहिलं तर तुम्ही क्लायंटला जे हक्क विकताय ते मुळात तुमचे नाहीत आणि अडचणीत दोघेही येणार. सही करण्याआधी हे कलम शोधा. भाषा गोलमाल वाटली तर एचआरला मेल टाकून लेखी विचारा, फोनवर नको. ‘स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर, आपल्या गेमशी स्पर्धा न करणारं काम चालेल’ एवढी एक ओळ त्यांच्याकडून आली तरी पुरते. ती मेल ऑफिसच्या इनबॉक्समध्ये ठेवू नका, तिची प्रत स्वतःच्या खात्यावर पाठवून ठेवा. नोकरी गेली की ऑफिसचा इनबॉक्स सगळ्यात आधी बंद होतो.